जळालेल्या राजधानीची दुरुस्त प्रत

१८०४ साल सरता सरता बँकॉकच्या राजापुढे एका लोहाराची फिर्याद आली. बुन्सी हा राजाच्या चाकरीतला लोहार. त्याचे म्हणणे असे की, बायको पोम हिचे दुसऱ्या पुरुषाशी संबंध होते, आपल्याकडून कसलीही आगळीक झाली नव्हती, तरी तिने फारकत मागितली आणि न्यायाधीशांनी ती देऊनही टाकली. निवाड्यात पक्षपात झाला असावा असा राजाला संशय आला आणि त्याने कायद्याची पोथी मागवली. पोथीत लिहिले होते की, नवऱ्याचा दोष नसला तरी बायकोने फारकत मागितल्यास ती द्यावी. मग वेगवेगळ्या ठिकाणी जपलेल्या तीन प्रती शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. तिन्हींत शब्दन्‌शब्द तेच निघाले. तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील तर ती खरी मानावी, हा साधा व्यवहार. राजाने मात्र उलटा निष्कर्ष काढला. इतका अन्यायी नियम पूर्वजांनी केलेला असूच शकत नाही, तेव्हा पोथ्याच बिघडलेल्या आहेत, असे त्याने ठरवले. अकरा जाणत्या माणसांची मंडळी नेमून त्याने सगळे कायदे तपासायला, परस्परविरोधी कलमे काढायला आणि चुकीचे ते दुरुस्त करायला सांगितले. १८०५ मध्ये तयार झालेल्या त्या संहितेवर तीन खात्यांच्या तीन मुद्रा उमटवल्या: राजसिंह, हत्तीची सोंड असलेला गजसिंह आणि कमळ. म्हणून तिचे नाव ‘तीन मुद्रांचा कायदा’. पुढे शंभरेक वर्षे सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, कारभार तिच्या आधाराने चालला.

थायलंडला पहिल्यांदा जाणाऱ्याने पर्यटनाच्या माहितीपत्रकाआधी हा खटला वाचावा असे मला वाटते. बँकॉकमध्ये उतरलेल्या माणसाला सोन्याची शिखरे, पाचूच्या रंगाची बुद्धमूर्ती, भिंतींवर रंगवलेले रामायण, राजवाड्यातले ब्राह्मण, वाकून केलेला नमस्कार हे सगळे एकाच अखंड प्राचीन परंपरेतून वाहत आल्यासारखे वाटते. वास्तविक त्यातला फार मोठा भाग १७८२ ते १८०९ या सत्तावीस वर्षांत, एका उद्ध्वस्त राज्याच्या वाचलेल्या माणसांनी आठवून आठवून पुन्हा मांडलेला आहे. आणि आठवताना त्यांनी तो जसाच्या तसा ठेवला नाही. जे पटले नाही ते बदलले, जे कमी वाटले त्याची भर घातली. बँकॉक ही जुन्या अयुथयाची नक्कल आहे असे सर्रास म्हटले जाते. मला ती अयुथयाची दुरुस्त केलेली प्रत वाटते. या दोहोंतला फरक कळला की थायलंड वेगळे दिसू लागते.

अयुथया म्हणजे काय होते ते आधी पाहायला हवे. १३५१ मध्ये वसवलेले हे शहर चाओ फ्राया, पा साक आणि लोपबुरी या तीन नद्यांच्या संगमावरचे बेट होते. नाव अयोध्येवरून घेतलेले, पण शहर समुद्राकडे तोंड करून बसलेले. चिनी, जपानी, मलय, फारसी, डच, फ्रेंच अशा सगळ्यांच्या वस्त्या तटाबाहेर नदीकाठाने होत्या. गोवा जिंकल्यावर वर्षभरातच, १५११ मध्ये, अल्बुकर्कने मलाक्का घेतले आणि तिथून आपला दूत अयुथयाला धाडला. तेव्हापासून पोर्तुगीजही तिथे होते. थाई मिठायांत ‘फोय थोंग’ नावाचा अंड्याच्या पिवळ्या बलकाचा पदार्थ असतो. बारीक धार उकळत्या पाकात सोडून सोनेरी सुतासारखा काढलेला हा प्रकार पोर्तुगिजांकडून आला आणि आज थाई लग्नातला शुभ पदार्थ होऊन बसला आहे. सांगायचे ते इतकेच की, ज्या अयुथयाला पुढच्यांनी ‘परंपरा’ म्हटले ती मुळातच दहा दिशांनी आलेल्या गोष्टी मुरवून घेणारी होती.

या शहराला ब्रह्मदेशाच्या सैन्याने वेढा घातला. वेढा वर्षाहून अधिक काळ चालला, आणि ७ एप्रिल १७६७ रोजी शहर पडले. आग लागली, लूट झाली, राजघराण्यातली माणसे, कारागीर, नर्तक आणि हजारो सामान्य लोक बंदी करून नेले गेले. राज्य नुसत्या तटबंदीवर उभे नसते. कोणत्या विधीला कोणता मंत्र, कोणत्या सरदाराचा मान कुठला, कर्जाचा निवाडा कसा, नाटकात कोणत्या प्रसंगाला कोणता ताल, हे सगळे माहीत असणारी माणसे आणि त्यांच्या पोथ्या म्हणजे राज्य. ताडपत्रे आणि झाडाच्या सालीच्या घडीच्या पोथ्या आगीत जळाल्या, नद्यांत गेल्या, उरलेल्या इतस्ततः विखुरल्या. चारशे वर्षांची घडी मोडली. ब्रह्मी सैन्य मात्र तिथे ठाण मांडून बसू शकले नाही. त्याच सुमारास चीनच्या फौजा ब्रह्मदेशावर चालून आल्या होत्या आणि मोठे सैन्य मागे फिरवावे लागले.

त्या पोकळीत उभा राहिला ताक्सिन. बाप चिनी, स्वतः ताक प्रांताचा अधिकारी. शहर पडण्याआधीच तो थोड्या लोकांनिशी वेढा फोडून पूर्व किनाऱ्याकडे गेला होता. चंथबुरीला जहाजे आणि माणसे जमवून तो त्याच वर्षाच्या अखेरीस परत आला आणि मागे राहिलेले ब्रह्मी ठाणे त्याने मोडले. अयुथयाची अवस्था पाहून त्याने राजधानी नदीच्या खालच्या अंगाला थोनबुरीला नेली. देशात तेव्हा चार-पाच जण आपापल्या भागात राजे होऊन बसले होते. ताक्सिनने एकेकाला मोडून राज्य पुन्हा एका छत्राखाली आणले. त्याच्या पंधरा वर्षांचा बहुतेक काळ स्वारीत गेला. तरीही १७७० मध्ये त्याने रामकथेतले काही प्रसंग नाटकासाठी स्वतः लिहिले. भुकेलेल्या, विस्कटलेल्या राज्याच्या राजाला तेव्हा नाटक कशाला सुचावे? राजदरबारात रामकथेचे नाटक होते याचा अर्थ दरबार आहे, आणि दरबार आहे म्हणजे राजा आहे. विधी, नाटक आणि नाव यांनाही त्या काळी धान्याइतकेच मोल होते. अखेरच्या दिवसांत त्याचे वागणे बिघडले असे नोंदले आहे. १७८२ मध्ये बंड झाले, त्यात त्याला पदच्युत करून मारण्यात आले, आणि त्याचा सेनापती चाओ फ्राया चक्री गादीवर बसला. आज त्याला राम पहिला म्हणतात, पण ही क्रमांकाची पद्धत विसाव्या शतकात त्याच्या वंशातल्या वजिरावुध राजाने रूढ केली.

नव्या राजाने राजधानी पूर्वतीरावर आणली. तिथे राहणाऱ्या चिनी व्यापाऱ्यांना थोडे खाली सांपेंगला जागा दिली. आजचे गजबजलेले चायनाटाउन ते हेच. मग अयुथयासारखेच बेट करण्यासाठी नदीच्या वळणाला कालवा खणून शहराला पाण्याचा वेढा दिला. एका कालव्याला महानाक हे अयुथयातल्याच कालव्याचे नाव दिले. जुन्या शहरात पावसाळ्याच्या अखेरीस होड्यांत बसून लोक गाणी म्हणत, तशी इथेही म्हणता यावीत, हा हेतू. तट बांधायला अयुथयाच्या पडक्या भिंतींच्या विटा होड्यांत भरून आणल्या. शत्रूने जाळलेले शहर त्याच्याच लेकरांनी विटेविटेने उतरवून नेले, म्हणजे आज अयुथयाला गेल्यावर जे भग्नावशेष दिसतात त्यांच्या भग्नतेत बँकॉकचाही वाटा आहे. शहराच्या लांबलचक अधिकृत नावात ‘अयुथया’ हा शब्द आहे आणि ‘क्रुंग थेप’ म्हणजे देवनगरी ही सुरुवातही जुन्या राजधानीच्या बिरुदातली. नावाच्या शेवटी हे नगर शक्राने दिले आणि विश्वकर्म्याने बांधले असे सांगितले आहे. मराठी वाचकाला ते ऐकताच कळेल. प्रत्यक्षात ते कंबोडियाच्या आणि लाओसच्या हजारो वेठबिगारांनी बांधले, हेही त्याच इमारतींबद्दलचे सत्य आहे.

इथवर नकलेचा पक्ष बळकट दिसतो. पण राजवाड्यातच त्याला पहिला तडा जातो. १७८४ मध्ये अयुथयाच्या महालावरून उभारलेले सिंहासनगृह पाच वर्षांनी वीज पडून जळाले. नक्कलच हवी असती तर तेच पुन्हा उभे केले असते. राजाने त्या जागी वेगळ्या आकाराचे, वेगळ्या नावाचे ‘दुसित महाप्रासाद’ बांधले, आणि आज पर्यटक बाहेरून ज्याचे सर्वांत जास्त फोटो काढतात त्या इमारतींत ते आहे. विधींचेही तसेच. घाईत उरकलेल्या पहिल्या राज्यारोहणानंतर जुन्या दरबारातल्या जाणकारांना आणि भिक्षूंना एकत्र बसवून, अयुथयाचा राज्याभिषेक नेमका कसा होई याचा शोध घेतला आणि १७८५ मध्ये सगळ्या विधींसह अभिषेक झाला. १७८८ मध्ये बौद्ध त्रिपिटकाची शुद्ध प्रत सिद्ध करायला २१८ भिक्षू आणि ३२ गृहस्थ पंडित पाच महिने बसले होते. प्रती ताडणे, चूक शोधणे, शुद्ध करणे हीच पद्धत पुढे पोमच्या खटल्यात दिसते. राजा गादीवर आल्यापासून भिक्षूंच्या वर्तनाबद्दल एकामागून एक आज्ञा काढत होता. त्या आज्ञांचा सूर पाहिला की कळते, त्याच्या मते जुने राज्य नुसते शत्रूमुळे बुडाले नव्हते. आतून काहीतरी सैल झाले होते. मग जे सैल झाल्यामुळे बुडाले, ते जसेच्या तसे परत का उभारायचे? दुरुस्तीची निकड तिथून आली.

त्याने आठवणी गोळा कशा केल्या तेही पाहण्यासारखे आहे. उत्तरेकडच्या ओसाड देवळांतून हजाराहून अधिक बुद्धमूर्ती त्याने बँकॉकला आणवल्या. ऊनपावसात पडलेल्या या मूर्तींची डागडुजी करून त्या वेगवेगळ्या विहारांत बसवल्या आणि वाट फो या विहाराच्या ओसऱ्या त्यांनी भरल्या. १८०८ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, सुखोथाईची सुमारे आठ मीटर उंचीची काशाची मूर्ती त्याने नदीतून आणवली. ती आज वाट सुथातमध्ये आहे. सुखोथाई आणि उत्तरेकडची जुनी नगरे यांच्या मूर्ती एका शहरात एकत्र आल्या, आणि पुढे ‘थाई कला’ म्हणून जे एक सलग चित्र उभे राहिले त्याचा पाया असा घातला गेला. दरबाराने चीनच्या ‘तीन राज्यां’च्या कादंबरीचे आणि मोन लोकांच्या एका ऐतिहासिक कथेचेही थाईत रूपांतर करवले. भूतकाळाची नुसती नक्कल करणाऱ्याला नव्या पुस्तकांची भूक लागत नाही.

मराठी प्रवासी इथे एक आक्षेप हमखास घेतो, आणि तो घेणे स्वाभाविक आहे: हे सगळे मुळात आपलेच नाही का? अयोध्या, राम, धर्मशास्त्र, शक्र, विश्वकर्मा, मग यात थाई काय? शब्द आपल्या ओळखीचे आहेत यात वाद नाही. त्यांच्या कायद्याचा पायाच ‘थम्मसात’, म्हणजे धर्मशास्त्र. पण हे शब्द भारतातून थेट आलेले नाहीत. ख्मेर आणि मोन राज्यांच्या हातून, पाली भाषेच्या आणि बौद्ध मताच्या वाटेने, शतकानुशतके वळत वळत ते पोचले. १७८४ मध्ये राजाने देवस्थान बांधले, जवळच उंच लाल खांबांचा झोपाळा उभा राहिला. तिथे दरबारी ब्राह्मण जो उत्सव करीत त्याचे नाव ‘त्रियम्पवाय’ हे तमिळ शिवस्तोत्राच्या ‘तिरुवेम्पावै’ या नावाचे बदललेले रूप. म्हणजे जे भारताकडून आले तेही उत्तरेच्या अयोध्येपेक्षा दक्षिणेच्या किनाऱ्यावरून जास्त. आणि राम पहिल्याला अयोध्या परत मिळवायची नव्हती, अयुथया परत मिळवायची होती. त्याच्या मनातले हरवलेले घर शरयूच्या काठी नव्हते.

याचा पुरावा त्याच्याच रामकथेत आहे. १७९७ मध्ये त्याने दरबारी कवींना घेऊन ‘रामकियेन’ पूर्ण केले. हे नाव रामकीर्ती या शब्दावरून आलेले. राजवाड्याला लागून असलेल्या वाट फ्रा क्यूच्या ओवऱ्यांत त्या कथेची १७८ चित्रे क्रमाने फिरत जातात. आपला माणूस तिथे उभा राहिला की आधी आनंदतो आणि मग गोंधळतो. रावण इथे ‘थोत्सकान’, म्हणजे दशकंठ. सीता त्याचीच मुलगी, जन्मतःच लंकेला अनिष्ट म्हणून टाकून दिलेली. हनुमान ब्रह्मचारी नाही. तो शुभ्र, चपळ, रसिक योद्धा आहे. बिभीषणाची मुलगी बेंचकाय आणि सेतू मोडायला आलेली मत्स्यकन्या या दोघींशी त्याचे प्रेम जुळते. याला चूक म्हणणारा माणूस त्या भिंतीसमोर उभा राहून भिंत पाहायची विसरतो. चित्रांतले राजवाडे थाई आहेत, कौले थाई आहेत, सैनिकांच्या रांगा दरबाराच्या आहेत, आणि कडेकोपऱ्यांत स्वयंपाक करणारी, जुगार खेळणारी, मुले सांभाळणारी बँकॉकचीच माणसे आहेत. महत्त्वाचे म्हणजे या ग्रंथाच्या अखेरीस राजाने ऐकणाऱ्यांना सावध केले आहे: ही कथा उत्सवासाठी रचली आहे, तिच्यात गुंतून न पडता अनित्यतेचे भान ठेवावे. रामावतारी म्हणवणाऱ्या राजाने रामकथेला असे बौद्ध वेष्टन घातले. कथा घेतली, पण तिच्याकडे पाहण्याची नजर आपली ठेवली.

दुसरा आक्षेप याच्या नेमका उलट बाजूचा आणि जास्त जड आहे. दुरुस्त केलेले म्हणजे रचलेले, आणि रचलेले म्हणजे बनावट, असे म्हणणारे आहेत. विसाव्या शतकात राष्ट्रवादाने या इतिहासाचा वापर कसा केला ते त्यांना ठाऊक असते. राजपुत्र दामरोंगचा ब्रह्मी युद्धांवरचा ग्रंथ १९१७ मध्ये आला आणि पुढे शाळेच्या पुस्तकांनी व चित्रपटांनी अयुथयाच्या आगीला सदैव दुष्ट शेजाऱ्याची गोष्ट करून टाकले. हा आरोप त्या काळापुरता मला मान्य आहे. पण तो मागे १७८२वर लादता येत नाही. तेव्हाच्या माणसांनी काही लपवून ठेवले नव्हते. ‘आम्ही दुरुस्त करतो आहोत’ असे ते उघड लिहीत होते, समितीची माणसे आणि कारणे नोंदवत होते. बनावट माणूस असा हिशेब ठेवत नाही. पोमचा खटलाच घ्या. माझे मन तिच्याकडे ओढ घेते. तीन प्रती एकच सांगत होत्या, म्हणजे अयुथयाच्या स्त्रियांना तो हक्क खरोखर असण्याची शक्यताच मोठी, आणि राजाने ‘शुद्धीकरणा’च्या नावाखाली एक जुना हक्क पुसायला घेतला असे म्हणता येते. पण हे आपण म्हणू शकतो, कारण त्या संहितेच्या प्रस्तावनेत खटला, मूळ कलम आणि राजाचा आक्षेप तिन्ही लिहून ठेवले आहेत.

या दुरुस्तीची किंमत शेजाऱ्यांनीही मोजली, आणि ते झाकून थायलंडची ओळख करून देता येत नाही. वाट फ्रा क्यूमध्ये उंच आसनावर बसलेली हिरव्या दगडाची ६६ सेंटीमीटरची बुद्धमूर्ती थाई राज्याचे हृदय मानली जाते. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा यांचे तिचे तीन वेगळे पोशाख आहेत आणि ऋतू पालटला की ते बदलण्याचा मान राजाचा. ही मूर्ती पंधराव्या शतकात उत्तरेकडे चियांग रायला सापडली आणि पुढे लाओसच्या राजांकडे दोनशेहून अधिक वर्षे होती. चक्री सेनापती असताना त्याने व्हिएन्तियान जिंकले आणि १७७९ मध्ये ती थोनबुरीला आणली. अयुथयाचे जे झाले, तेच थोड्या प्रमाणात व्हिएन्तियानचे झाले. तिथले तिचे देऊळ आज संग्रहालय आहे.

आठवण पुन्हा हरवेल ही धास्ती राम पहिल्याबरोबर गेली नाही. त्याचा नातू राम तिसरा याने १८३१ नंतरच्या दशकात वाट फोचा जीर्णोद्धार करताना देशातले ज्ञान दगडावर कोरवून भिंतींत आणि खांबांत बसवले: औषधे, अंगमर्दनाच्या आकृत्या, छंदशास्त्र, सुभाषिते. असे चौदाशेच्या वर शिलालेख आहेत. शरीरातल्या नाड्यांच्या रेषा आणि दाबायच्या जागा दाखवणाऱ्या माणसाच्या आकृत्या तिथल्या मंडपात आजही वाचता येतात, आणि पर्यटक ज्या थाई मसाजसाठी रांग लावतात त्याचे शिक्षण याच आवारात चालते. पोथी जळते, दगड जळत नाही, हा धडा साठ-सत्तर वर्षांनीही त्या घराण्याच्या अंगात भिनलेला होता.

त्याच वाट फोमध्ये, निजलेल्या ४६ मीटर लांबीच्या बुद्धाकडे जाणाऱ्या गर्दीपासून थोडे बाजूला, चार उंच चैत्य उभे आहेत. त्यांतला हिरव्या फरशांचा पहिला. अयुथयाच्या राजमंदिरात १५००च्या सुमारास घडवलेली, सोन्याने मढवलेली, सुमारे सोळा मीटर उंचीची उभी बुद्धमूर्ती होती. १७६७च्या आगीत तिचे सोने वितळवून काढून नेले आणि आतला धातूचा सांगाडा काळाठिक्कर पडून राहिला. राम पहिल्याने तो बँकॉकला आणवला. तो पुन्हा ओतून नवी मूर्ती घडवावी असा त्याचा विचार होता असे सांगतात, पण बुद्धाची मूर्ती भट्टीत घालणे योग्य नाही असे भिक्षूंनी सुचवले. कायदा, त्रिपिटक, राज्याभिषेक, रामकथा या सगळ्यांची दुरुस्ती करणाऱ्या राजाने ते ऐकले. सांगाड्याला हात न लावता त्याने त्याच्याभोवती चैत्य बांधून घेतला. हिरव्या फरशांवरची फुलांची नक्षी जवळून पाहता येते. आत जायला वाट नाही.